खंडेनवमीची नोंद

“सदतीस, हा गुण्या सरळ आहे की वाकडा?”

पांचाळ सरांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पोलादी गुण्या काढला आणि माझ्यापुढे धरला. आम्ही दोघे आमच्या संस्थेच्या गॅस सिलिंडरांच्या खोलीत उभे होतो. खंडेनवमी होती. सकाळचे दहा वाजायला आले होते.

“सरळ आहे, सर.”

“उजेडाला धरून सांग.”

मी गुण्या खिडकीकडे धरला. पाते आणि दांडा यांच्यात चोख काटकोन होता.

“बघितलं. सरळ आहे.”

“मला पातं मधोमध वाकलेलं दिसतंय,” सर म्हणाले. “म्हणजे सरळच असणार. ठेव पूजेला.”

सदतीस हा माझा हजेरी क्रमांक. तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये सरांनी तीन वर्षे मला याच क्रमांकाने हाक मारली, आणि पुढची अडतीस वर्षेही त्यात बदल केला नाही. माझे आडनाव शेटे आहे हे त्यांना ठाऊक होते. माझ्या लग्नात आहेराच्या पाकिटावर मात्र त्यांनी ‘चि. सदतीस यांस’ असेच लिहिले होते.

गुण्याची हकिकत दोन वर्षांपूर्वीची होती. निवृत्तीनंतर सर मुलीकडे पुण्यात राहायला आले आणि तिच्या बाल्कनीत त्यांनी एक छोटा बाक टाकला. शेजारपाजारच्या कात्र्यांना धार लावणे, खिळखिळ्या बिजागऱ्या बसवणे असे काहीबाही करीत. एके दिवशी त्यांच्या लक्षात आले की आपला गुण्या वाकला आहे. त्यांनी तो भंगारात दिला आणि नवा आणला. महिन्याभरात तोही वाकला. असे तीन गुण्ये गेले. चौथा परत करायला ते दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने तो काउंटरवर ठेवून तपासला आणि नम्रपणे म्हणाला, “मास्तर, गुण्या राहू द्या. डोळे दाखवून घ्या.”

डोळ्यांच्या पडद्यामागे काळसर रंगाच्या पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. उजेड टिपणाऱ्या पेशींना तो पोसतो. सरांचा तो थर मधोमध झिजत चालला होता. उजव्या डोळ्याच्या मध्यभागी व्रण पडून तो निकामी झाला होता. डाव्या डोळ्याने कडेचे दिसत होते, पण सरळ रेषा वाकत होत्या आणि समोरच्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा दिसत होता. अलीकडच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले होते की या डोळ्याला फार तर वर्षभर अवधी आहे.

मी त्या वेळी पुण्याबाहेरच्या एका नेत्रसंशोधन संस्थेत उपकरणांच्या देखभालीचा प्रमुख होतो आणि खंडेनवमीच्या त्या दिवशी निवृत्तीला चौदा महिने उरले होते. संस्थेत एक चाचणी सुरू होत होती. रुग्णाच्या रक्तातल्या काही पेशी घेऊन त्यांना मूळपेशी बनवायचे आणि मग त्या मूळपेशींपासून पडद्यामागच्या थराच्या पेशी वाढवायच्या. त्यांचा पापुद्रा तयार झाला की तो शस्त्रक्रियेने डोळ्यात बसवायचा. सर सगळ्या तपासण्यांतून पार पडले आणि चाचणीतले पहिले रुग्ण ठरले. पेशींचे काम डॉ. नफीसा काझी पाहत असत. त्यांनी सरांना सगळी पद्धत शांतपणे समजावून सांगितली होती.

“म्हणजे तयार जॉब पुन्हा कच्च्या लोखंडाचा करायचा,” सर म्हणाले होते, “आणि त्यातून दुसरा जॉब घडवायचा.”

“जवळजवळ तसंच. फक्त आम्ही कानस चालवत नाही. आम्ही वातावरण देतो. सदतीस अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, ओलावा. पेशी आपापल्या घडतात.”

“सदतीस अंश?” सरांनी माझ्याकडे मान वळवली. “बघ. तुझी दखल विज्ञानानंही घेतली.”

त्या खंडेनवमीला सरांच्या पेशी नऊ महिन्यांच्या झाल्या होत्या. काचेच्या बशीतला पापुद्रा हळूहळू तपकिरी होत गेला होता, आणि हा रंगच पेशी योग्य वळणावर असल्याची खूण होती. शस्त्रक्रिया अकरा दिवसांवर आली होती.

पेशींच्या स्वच्छ कक्षात बाहेरच्या कोणालाही प्रवेश नव्हता. तिथे फूल, अक्षत, उदबत्ती यांचा प्रश्नच नव्हता. पण यंत्रांची पूजा केल्याशिवाय माझी खंडेनवमी कधी गेली नव्हती, म्हणून दर वर्षी मी सिलिंडरांच्या खोलीत, दिवा-धूप न लावता, हळद-कुंकू आणि झेंडूची फुले वाहत असे. संचालकांची त्याला तोंडी परवानगी होती. त्या वर्षी मी सरांना बोलावले. दारावर ‘अनधिकृत व्यक्तीस प्रवेश नाही’ अशी पाटी होती, आणि ती अक्षरे मीच रंगवून घेतली होती.

“माझी पोरं कुठं आहेत?” सरांनी विचारले.

“या भिंतीपलीकडं.”

“किती अंतर?”

“इथून अकरा फूट. हा मोठा व्हॉल्व्ह दिसतो ना, त्यातून निघालेली नळी थेट त्यांच्याकडं जाते.”

सरांनी भिंतीला तळहात लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग खिशातून स्वच्छ फडके काढले.

“आधी पुसून घेऊ. धुळीवर कुंकू लावायचं नसतं.”

इतक्यात इंटरकॉम वाजला. डॉ. काझींच्या अतिशीत फ्रीजरचे झाकण नीट बसत नव्हते. मी सरांना सांगून वर गेलो. झाकणाच्या रबरावर बर्फ साचला होता, तो काढून झाकण बसवेपर्यंत दहा-बारा मिनिटे गेली. परत आलो तेव्हा प्रत्येक सिलिंडर चकचकीत पुसलेला होता, त्यावर कुंकवाचे एकेक बोट आणि झेंडूचे एकेक फूल होते. कडेच्या नजरेने काम करणाऱ्या माणसाच्या हातून एकही फूल मध्यरेषा सोडून पडले नव्हते. सर मोठ्या व्हॉल्व्हसमोर हात जोडून उभे होते.

“झालं,” ते म्हणाले. “आता घरी सोड. वैजू वाट बघत असेल.”

वैजू म्हणजे त्यांची मुलगी वैजयंती. मी सरांना घरी सोडले. वैजयंतीने जेवायला थांबवून घेतले. दुपारी बारा वाजता सगळ्या उपकरणांची फेरी घेऊन नोंदवहीत आकडे लिहिण्याचा माझा एकोणीस वर्षांचा नेम होता. त्या दिवशी ती फेरी झाली नाही. पेशींच्या कक्षात त्या दिवशी आणखी कोणाचे काम नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्यामुळे संध्याकाळी माणसेही लवकर गेली होती. मी परस्पर घरी गेलो.

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता मी संस्थेत आलो. सुट्टीच्या दिवशीही सकाळची फेरी मी चुकवत नसे. व्हरांड्यातच मला बारीक, एकसुरी आवाज ऐकू आला. तो इन्क्युबेटरच्या धोक्याच्या घंटीचा होता. बंद दारांमागे ती किती तास वाजत होती कोण जाणे.

अंगावर स्वच्छ कक्षाचा पोशाख चढवून मी आत गेलो. तापमान सदतीस होते. कार्बन डायऑक्साइडच्या जागी पाचऐवजी शून्य पूर्णांक दोन हा आकडा होता. आतले काचेचे दार न उघडता मी बशीकडे पाहिले. पेशी ज्या द्रवात असतात, त्याचा रंग एरवी नारिंगी-लाल असतो. तो कोकम सरबतासारखा जांभळट गुलाबी झाला होता. वायू थांबला की द्रव बदलतो आणि द्रव बदलला की रंग बदलतो, एवढे मला इतक्या वर्षांत माहीत झाले होते.

मी सिलिंडरांच्या खोलीकडे धावलो. सिलिंडर भरलेले होते. दाबाचा काटा जागेवर होता, कारण तो काटा व्हॉल्व्हच्या अलीकडे, सिलिंडरच्या बाजूला बसवलेला होता. पलीकडे काही जाते आहे की नाही हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. मी मोठ्या व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला. चाक उजवीकडे पूर्ण फिरवून घट्ट बंद केलेले होते.

चाकाच्या कडेवर हळदीचा ठसा होता. अंगठ्याचा. कोणाचा, हे मला तपासावे लागले नाही.

मी चाक डावीकडे फिरवले आणि परत येऊन इन्क्युबेटरसमोर स्टूल घेऊन बसलो. पंचवीस मिनिटांत आकडा पाचावर आला. घंटी थांबली. द्रवाचा जांभळा रंग हळूहळू ओसरू लागला. नऊ वाजता बशीतला द्रव पुन्हा नारिंगी-लाल होता. त्याच्या तळाशी सरांच्या पेशींचा तपकिरी पापुद्रा काल होता तसाच दिसत होता.

डॉ. काझी दहा वाजता येणार होत्या. इन्क्युबेटरमधली आकड्यांची साठवण दर महिन्याच्या एक तारखेला मीच काढत असे आणि मीच तपासून सही करत असे. नियम साधा होता. वायूचा पुरवठा दोन तासांपेक्षा जास्त थांबला, तर ती तुकडी माणसाच्या डोळ्यासाठी वापरायची नाही. आमचा पुरवठा वीस तासांहून जास्त थांबला होता. तो थांबला होता, याची दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडेल अशी खूण आता फक्त त्या चाकावर उरली होती. मी पुन्हा सिलिंडरांच्या खोलीत गेलो आणि फडक्याने हळद पुसून टाकली. मग परत येऊन नोंदवही उघडली.

तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आम्हाला लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीने घासून एकमेकींत बसवायच्या असत. जॉब पुरा झाला की सर तो खिडकीच्या उजेडासमोर धरत. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत. उजेड अजिबात दिसला नाही, तर सर एकच शब्द बोलत, “जमलं.” आमच्या तुकडीतल्या चौघांनाच तो शब्द मिळाला होता. माझ्या जॉबच्या एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कंदिलाची काजळी ग्रीसमध्ये कालवून त्या फटीत भरली.

सरांनी जॉब उजेडासमोर धरला. उजेड आला नाही. त्यांनी जॉब रॉकेलच्या डब्यात बुडवला, ब्रशने घासला, पुसला आणि पुन्हा खिडकीसमोर धरला.

“सदतीस, काय दिसतंय?”

“उजेड, सर.”

“मघाशी का नव्हता?”

मी रॉकेलच्या डब्यात उतरलेल्या काजळीकडे पाहिले.

“उजेड येत नाही म्हणजे बसलं असं नाही,” एवढे बोलून त्यांनी जॉब माझ्या हातात दिला. मी तो पुन्हा केला आणि पास झालो, पण तो शब्द मला मिळाला नाही.

मी नोंदवहीत लिहिले : ‘काल सकाळी सव्वादहा ते आज सकाळी सात वाजून दहा मिनिटे कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा बंद. कारण : पूजेच्या वेळी सिलिंडर पुसताना मुख्य व्हॉल्व्ह माझ्याकडून बंद झाला. दुपारी बाराची फेरी झाली नाही.’ खाली सही केली.

डॉ. काझी आल्या. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती नोंद दोनदा वाचली. मग पोशाख चढवून आत गेल्या आणि बशी सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बराच वेळ बसल्या. त्यांचे डोळे नळीला लागलेले होते आणि उजवा हात मांडीवर मूठ वळून पडला होता.

“जिवंत आहेत,” त्या शेवटी म्हणाल्या. “षटकोनी आकार आहेत, रंग आहे, कडाही धरून आहेत. शेटेकाका, तुम्ही हे लिहिलं नसतंत, तर मला कळलंसुद्धा नसतं.”

“ठाऊक आहे.”

“दहा दिवसांनी मी त्या बसवायला दिल्या असत्या.”

“आणि त्या टिकल्या असत्या?”

“कदाचित टिकल्या असत्या. कदाचित डोळ्यात जाऊन सुटल्या असत्या, आणि आहे तेवढी नजरही गेली असती.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “कदाचित या शब्दावर मी कोणाच्या डोळ्यात काही ठेवू शकत नाही.”

“दुसरी तुकडी?”

“मूळपेशी गोठवून ठेवलेल्या आहेत. आजपासून सुरू केलं तरी सहा महिने.”

“आणि सरांचा डोळा?”

“डोळा आमचं वेळापत्रक पाळत नाही, काका.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “त्यांना मी सांगू?”

“मी सांगतो.”

दुपारी तीन वाजता मी आपट्याची पाने घेऊन सरांकडे गेलो. वैजयंतीने दार उघडले. सर बाल्कनीतल्या बाकाशी बसले होते आणि हाताने चाचपून पेचकस आकारमानाप्रमाणे लावत होते. मी पाने त्यांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला.

“सोन्यासारखा राहा,” सर म्हणाले. “आवाज बसलाय तुझा. काय झालं?”

मी जे घडले ते क्रमाने सांगितले. घंटी, आकडा, द्रवाचा रंग, नियम. दुसरी तुकडी सहा महिन्यांनी, हेही सांगितले. वैजयंती दारात पदराने हात पुसत उभी होती.

“म्हणजे दहा दिवसांनी ऑपरेशन नाही?” तिने विचारले.

“नाही.”

“आणि सहा महिन्यांत आप्पांच्या डोळ्याचं काही झालं तर?”

सरांनी हातातला पेचकस जागेवर ठेवला.

“व्हॉल्व्ह बंद कोणी केला?” त्यांनी विचारले.

“मीच, सर. पुसताना.”

“किती वाजता?”

“सव्वादहाच्या सुमारास.”

“सव्वादहाला तू डॉक्टरबाईंच्या फ्रीजरपाशी होतास. सिलिंडर मी पुसले.”

“आधी मी एकदा—”

“सदतीस.” सरांचा आवाज चढला नाही. “चाळीस वर्षं मी खंडेनवमीला पूजेआधी मेन स्विच पाडत आलो. चालू यंत्राला कुंकू लावायचं नाही, हे तुम्हा पोरांना कोणी शिकवलं? माझ्या हाताला ते सांगावं लागत नाही. फडकं फिरलं, चाक हाताला लागलं, हातानं ते उजवीकडं फिरवलं. आता तू सांगितल्यावर मला तळहातात तो पीळ आठवला.” त्यांनी उजवा हात उघडून चेहऱ्याच्या कडेला नेला, जिथून त्यांना दिसत होते, आणि त्याच्याकडे पाहिले. “पूजा झाल्यावर स्विच चालू करायचं काम नेहमी हमालाचं होतं. मी फक्त पाडायचो.”

“आप्पा,” वैजयंती म्हणाली आणि बाल्कनीत आली.

“हळद लागली असेल चाकाला,” सर मला म्हणाले.

“पुसली.”

“म्हणजे पुन्हा काजळी आणि ग्रीस.”

बाल्कनीखाली मुले पाने वाटत फिरत होती. एकाने वर पाहून “आजोबा, सोनं घ्या” अशी हाक दिली. सरांनी त्याला हात दाखवला.

“वहीत तुमचं नाव लिहिलं तर तुमच्यावर येईल, सर,” मी म्हणालो. “चाचणीची समिती विचारेल, रुग्ण तिथं आत कसा गेला. तुम्हाला चाचणीतून काढतील. माझं लिहिलं तर मला एक ताकीद मिळेल आणि प्रकरण मिटेल.”

“मिटेल, बरोबर. तुला ताकीद देतील, आणि व्हॉल्व्ह?”

“व्हॉल्व्हचं काय?”

“तो तसाच राहील. उघडा. हातभर अंतरावर. म्हणतील, शेटे म्हातारा झाला होता, विसरला. नवा माणूस आणतील. नवा माणूसही कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये शिकलेला असेल. खोटं कारण लिहिलंस की खोटा उपाय होतो, आणि पुढच्या कोणाची तरी पोरं अशीच मरतात.” ते उठले आणि भिंतीवरची काठी घेतली. “वही कुठं आहे?”

“संस्थेत. ती बाहेर नेता येत नाही.”

“मग रिक्षा बोलाव.”

“आप्पा, आज दसरा आहे,” वैजयंती म्हणाली. “उद्या जा.”

“दसऱ्याला शीव ओलांडायचीच असते, वैजू. तूही चल. मला पायऱ्या दिसत नाहीत.”

डॉ. काझी अजून संस्थेतच होत्या. त्यांनी सरांना आपल्या खोलीत बसवले, पाणी दिले. सरांनी पाणी बाजूला ठेवून वही मागितली आणि मला नोंद वाचायला सांगितली. मी वाचली. स्वतःचेच लिहिलेले वाचताना मला अडखळायला झाले.

“फेरी चुकली, ती तुझी चूक. ती ओळ बरोबर आहे,” सर म्हणाले. “व्हॉल्व्हची ओळ चुकीची आहे. दोन चुका दोन माणसांच्या. एका ओळीत कोंबायच्या नाहीत. वहीतली दुरुस्ती कशी करतात?”

“चुकलेल्यावर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर मजकूर, सही, तारीख.”

“कर.”

डॉ. काझींनी वहीवर हात ठेवला. “सर, एक मिनिट. हे लिहिलं की मला ते समितीपुढं ठेवावं लागेल. दुसऱ्या तुकडीसाठी तुमचं नाव राहावं म्हणून मी भांडेन, पण राहीलच असं वचन मी देऊ शकत नाही.”

“तुमच्याकडं वचन मागितलं नाही मी, बाई. तुम्ही नऊ महिने माझ्या पोरांना वाढवलंत. ती काय खातात हे मला अजून माहीत नाही. तुमचं काम तुम्ही करा.”

डॉ. काझींनी हात काढून घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण सरांना ते दिसण्यासारखे नव्हते, आणि त्यांनी ते आवाजात येऊ दिले नाही.

मी ‘माझ्याकडून’ या शब्दावर रेघ मारली. शेजारी लिहिले : ‘रुग्ण श्री. विश्वंभर पांचाळ यांच्याकडून, जुन्या सवयीने. त्यांना आत मी नेले होते.’ सही केली. मग सरांनी माझ्या खिशातली पोलादी पट्टी मागितली.

“ओळीखाली ठेव आणि धरून राहा. मी पट्टीच्या कडेनं सही करतो.”

मी पट्टी धरली. सरांनी डाव्या हाताच्या बोटाने तिची कड चाचपली आणि त्या कडेवर पेनाचे टोक टेकवले. ‘वि’ बरोबर बसला. पुढची अक्षरे एकमेकांवर चढली. आडनावापर्यंत पेन पट्टीवर चढले आणि शेवटचा ‘ळ’ माझ्या नखावर उमटला. वैजयंतीने तोंड खिडकीकडे वळवले.

“सरळ आली का?” सरांनी विचारले.

“शेवटी थोडी खाली गेली, सर.”

“जाऊ दे. कोणाची आहे ते कळतं ना?”

“कळतं.”

समितीची बैठक सव्वा महिन्याने झाली. मला लेखी ताकीद मिळाली. सरांचे नाव डॉ. काझींनी भांडून राखले. मुख्य व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी आणि कुलूप बसले, दाबाचा दुसरा काटा व्हॉल्व्हच्या पलीकडे लागला, आणि घंटीचा आवाज सुरक्षारक्षकाच्या टेबलापर्यंत नेण्यात आला. ही तिन्ही कामे माझ्या देखरेखीखाली झाली.

दुसरी तुकडी एप्रिलमध्ये तयार होणार होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सरांच्या डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला. रक्त ओसरले, त्याखाली व्रण राहिला. व्रणावर पेशी धरत नाहीत. डॉ. काझी स्वतः त्यांच्या घरी गेल्या आणि हे सांगून आल्या. सरांनी त्यांना फक्त एवढेच विचारले की तयार झालेल्या पेशी दुसऱ्या कोणाला चालतील का. चालणार नव्हत्या.

पुढच्या खंडेनवमीला मी पुन्हा त्यांना घेऊन आलो. या वेळी दारावरच्या वहीत त्यांचे नाव, वेळ आणि कारण लिहून घेतले, संचालकांची लेखी परवानगी जोडली. सर उंबरठ्याशी उभे राहिले. आता त्यांना समोरच्या माणसाची फक्त आकृती दिसत होती.

“आत कोण आहे?” त्यांनी भिंतीकडे मान वळवून विचारले.

“साताऱ्याच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या पेशी. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया.”

“सुईत दोरा ओवता येत नसेल.”

“नाही येत.”

“माझा हात चाकावर ठेव.”

मी त्यांचा हात धरून व्हॉल्व्हपर्यंत नेला. त्यांनी आधी साखळीची कडी न् कडी बोटाने मोजल्यासारखी चाचपली, कुलपाची दांडी ओढून पाहिली. मग चाकाची कड मुठीत धरली आणि सगळा जोर लावून उजवीकडे फिरवली. मनगटाच्या शिरा फुगल्या. चाक तसूभर हलले नाही. त्यांनी पुन्हा एकदा फिरवून पाहिले.

मग हात काढून घेतला, धोतराला पुसला आणि माझा चेहरा जिथे असेल असे त्यांना वाटले, तिकडे वळले.

“जमलं,” ते म्हणाले.